बोटांपुरती जागा

गुरुदास बोटीवरून रजेवर आचऱ्याला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत खिशात ठेवायचे दोन जपानी कंप्युटर होते. एक मोठा, एक लहान. मोठा त्याने थोरल्या भावापुढे ठेवला आणि लहान बहिणीच्या हातात दिला.

"सुभद्रा, ह्यो तुका. पर्समध्ये बरो रवतलो."

सुभद्रा गावच्या हायस्कुलात गणित शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला मावशीकडे राहून ती कंप्युटरची बेसिक भाषा शिकून आली होती आणि गुरुदासला बोटीवर जाताना तिनेच सांगितलं होतं की वर्गातल्या मुलींना दाखवायला एक घेऊन ये. थोरला भाई गावच्या सोसायटीचा चेअरमन. त्याने काही मागितलं नव्हतं. पण थोरल्याला वगळून धाकटीला कसं द्यायचं, म्हणून दोन आले, आणि मोठा आपसूक भाईकडे गेला.

जेवणं झाल्यावर तिने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लहान होता तो बँकेच्या पासबुकाएवढा, पातळ, दिसायला देखणा. पण त्याची बटणं तांदळाच्या दाण्यांसारखी, एकमेकांना चिकटलेली. काचेवर जेमतेम डझनभर अक्षरं मावायची, पुढचं लिहिलं की मागचं पळून जायचं. मोठा कंपासपेटीएवढा लांब आणि हाताला जड. त्याची बटणं टाइपरायटरसारखी मांडलेली, आकडे उजवीकडे वेगळे, आणि दोन बटणांमध्ये बोट टेकायला जागा.

ती जागाच तिला हवी होती. लहानपणी आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवताना तिची उजवी तर्जनी कापली होती. जखम भरली, पण बोट पुन्हा वाकलं नाही. लहान कंप्युटरवर ते ताठ बोट टेकलं की दोन-दोन बटणं एकदम दाबली जायची.

"भाई, आपण बदलूया," ती म्हणाली. "माझा बोट ह्या बारक्या बटणांवर चलणा नाय. तुझी बोटां बारीक आसत."

भाईने मोठा कंप्युटर सदऱ्याच्या खिशात घातला. तो अर्धा बाहेर राहिला. "आणि मी चेअरमन म्हणान ह्यो बारको खेळण्यासारखो घेवन फिरू? लोक काय म्हणतले?"

"तू तेच्यावर करतलंस काय, ता तरी सांग."

"काय करूचा ता माझा मी बघीन."

माई, त्यांची आई, आतून म्हणाली, "गो, थोरलो आसा तो. गप रव." सुभद्राने लहान कंप्युटर उचलला आणि देवघराबाहेरच्या फळीवर नेऊन ठेवला.

आठवडाभर भाईने तो खिशातून मिरवला. सोसायटीत आलागेला हातात घेऊन बघायचा. वजनाने सदऱ्याची शिवण उसवली, एकदा वाकताना तो जमिनीवर पडला. मग भाईने तो कपाटावर ठेवून दिला. कपाटावर धूळ खात पडलेला तो सुभद्राला रोज दिसायचा. शेवटी तिने जुन्या छत्रीच्या कापडाची लांबट पिशवी शिवली, तिला कमरेला बांधायची नाडी लावली, आणि सोमवारी सकाळी माईच्या देखत कंप्युटर त्यात घातला.

"भाईक विचारलंस?" माईने विचारलं.

"विचारलेलंय. तो नाय म्हणालो," सुभद्रा म्हणाली आणि बाहेर पडली.

दुपारी नववीच्या वर्गात मुली टेबलाभोवती दाटीने उभ्या होत्या. लीला नावाची मुलगी काचेवर पाढा दाखवणारा प्रोग्रॅम लिहीत होती. तेवढ्यात भाई दारात येऊन उभा राहिला.

"सुभद्रा, तो हयसर दी."

मुली मागे सरल्या. या माणसाचा हात धरून सुभद्रा याच शाळेत पहिल्यांदा आली होती. तरी ती शाळेच्या भाषेत बोलली. "तास चालू आहे. तुम्हाला थांबायचं असेल तर मागच्या बाकावर बसा. लीला, पुढची ओळ लिही."

लीलाने एकदा भाईकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि बटण दाबलं. भाई चपला वाजवत निघून गेला.

रात्री जेवताना गुरुदास म्हणाला, "भाई, ह्यो मी तिच्यासाठीच घेतलेलो. देताना माझाच चुकला."

"वर्गातल्या पोरींसमोर माका बाकावर बस म्हणता," भाई म्हणाला. "गावात माका हसतले."

"हसूंदेत," सुभद्रा म्हणाली. "मी तो परत दिवचंय नाय."

गुरुदास बोटीवर परतला तरी भाईचा राग उतरला नव्हता. तिला काही सांगायचं तर माईला सांगायचा, ती समोर बसलेली असली तरी. लहान कंप्युटरला त्याने हात लावला नाही. तो देवघराबाहेरच्या फळीवर तसाच पडून होता. सुभद्राला वाईट वाटायचं, पण रोज सकाळी कमरेला पिशवी बांधताना तिचा हात कधी अडखळला नाही.

सहामाही परीक्षेनंतर कंप्युटर शिकायला येणाऱ्या मुली वाढल्या, एका यंत्रावर भागेना. एका सकाळी भाई चहा पीत बसला असताना तिने सरळ फळीवरचा लहान कंप्युटर उचलला.

"पोरींची बोटां बारीक आसत," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "तेंका ह्यो चलतलो."

भाईने मान फिरवली आणि चहाचा घोट घेतला. तिला नको म्हणायला त्याने माईलाही सांगितलं नाही. सुभद्राने दोन्ही कंप्युटर घेतले आणि ती शाळेला निघाली.