घरच्या डॉक्टरच्या तावडीत सापडलेली दाढ

मी एक दाढ बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्याआधी माझी मलाच शिसारी आलेली आहे.

माझी मालकीण शिवणकाम करते. तिचा दीर दातांचा डॉक्टर. तो तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणते. शेजारच्या दोघी आधीच पडल्यामुळे उजवीकडचं सगळं चावणं माझ्या एकटीवर होतं. मशीनवर बसल्या बसल्या वहिनी बिस्किटं खायच्या आणि तो गोड लगदा माझ्या खाचेत कुजत राहायचा. शी! शेवटी कीड आतल्या नसेपर्यंत पोचली आणि वहिनींचा गाल टम्म सुजला.

भाऊजींनी आपल्या दवाखान्यात टॉर्च मारून पाहिलं. "वहिनी, रूट कॅनॉल करावं लागेल."

"समोरच्या इमारतीत त्या रूट कॅनॉलसाठीच नावाजलेल्या डॉक्टरीणबाई आहेत ना?"

"घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला? लोक काय म्हणतील?"

वहिनींनी आ केला. दिराचं मन कोण मोडणार?

माझी मुळं वाकडी. भाऊजी खांद्याशी फोन धरून नव्या फ्लॅटच्या फरशीबद्दल बोलत होते आणि इकडे सुया खुपसत होते. मग दर खेपेला कापसाचा बोळा कोंबून वर तात्पुरतं सिमेंट थापायचे. खाली पू, वर झाकण! पुढे पुढे सासूबाईसुद्धा वहिनींशी बोलताना वासानं तोंड फिरवू लागल्या. वहिनी पातळ पेजेवर आल्या, तरी भाऊजींचं आपलं एकच, "जरा कळ काढा."

एके दिवशी त्यांचं ड्रिल तिरकं गेलं. रक्त आलं. त्यांना कळलं, हात क्षणभर थांबलाही. मग मला बुजवून टाकत ते हसून म्हणाले, "झालं बरं का, वहिनी!" इतकी किळस मला किडीचीही आली नव्हती.

दुखणं थांबेना, तेव्हा वहिनी कुणाला न सांगता समोर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"मुळाला आरपार भोक पडलंय हो. सुरुवातीलाच आला असतात तर वाचली असती. आता काढावीच लागेल."

वहिनींचे डोळे भरले. "समोरचे डॉक्टर माझे दीर. म्हणून दुसरीकडे गेले नाही."

"ते? अहो, गेल्या वर्षी ते बायकोला घेऊन इथेच आले होते. म्हणाले, मुळं वाकडी आहेत, मला जमणार नाही, तुम्हीच करा."

वहिनींनी डोळे पुसले आणि खुर्चीत मान मागे टाकली. मी निघाल्यावर त्यांनी मला कापसात गुंडाळून मागून घेतलं, रस्ता ओलांडला आणि भाऊजींच्या टेबलावर ठेवलं.

"भाऊजी," सुन्न जिभेनं त्या म्हणाल्या, "जाऊबाईंची दाढ बरी आहे ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

नाक काय झाकताय, डॉक्टरसाहेब? हा वास तुमच्याच हातचा आहे. मी तर कामातून गेले. पण बाहेर बाकावर एक आजोबा गाल धरून बसलेत. जमणार नसेल, तर त्यांना आजच समोर पाठवा.