उत्तराखालच्या दोन रेघा

एकोणीसशे सत्त्याहत्तर सालचा तो उन्हाळा. शाळेच्या शेवटच्या वर्षाची मोठी परीक्षा नुकतीच संपली होती आणि तपासणी केंद्राच्या लांबोड्या खोलीत भौतिकशास्त्राचे बत्तीस परीक्षक लाल पेन्सिली घेऊन माना मोडत बसले होते. तेव्हा सगळं हातानं चाले. गठ्ठे हातानं सोडायचे, बेरजा हातानं करायच्या आणि चुकलं तर बोलणीही समोरासमोर खायची.

"या बघा, दानशूर आल्या!" परीक्षकांपैकी एक बाई बाकावर टेकतात न टेकतात तोच शेजारून आवाज आला. "आज किती नापासांना पावन करणार?"

हे कात्रीसर. गुण कापण्यात असा हातखंडा की खरं आडनाव कुणाला आठवत नसे. आदल्या वर्षी त्यांनी तपासलेले काही पेपर निकालाआधीच्या नमुना-तपासणीला बाईंकडे आले होते आणि बाईंनी त्यातल्या अकरा जणांचे गुण वाढवले होते. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांत बाई सलत होत्या.

"तुमच्या तावडीतून जे सुटतील त्यांना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नवा गठ्ठा सोडला.

तिसरा पेपर. वर नाव नसे, नुसता क्रमांक. पहिला प्रश्न स्वच्छ सोडवलेला. बाईंनी आठपैकी सात दिले, पान उलटलं, आणि पुन्हा मागे उलटलं. उत्तराखाली दोन रेघा होत्या. वरची लांब, खालची आखूड आणि शेवटी एक ठिपका.

ही बाईंचीच खोड. थोरल्या जावेची मुलगी चिंगी घरच्या जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवायला बसे, तेव्हा त्यांनीच शिकवलेली. "तपासणाऱ्याचे डोळे दमलेले असतात गं. उत्तर कुठंय ते त्याला शोधायला लावू नये."

गावातले पेपर गावात तपासायचे नाहीत असा नियम होता. कुणाच्या तरी हातून गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आणि नात्यातला पेपर हाती आला तर गठ्ठा बंद करून, फॉर्म भरून परत द्यायचा, असाही नियम होता.

बाईंनी पेपर शेवटच्या पानापर्यंत चाळला. चिंगीला डॉक्टर व्हायचं होतं. या विषयात साठ हवे होते. बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण पेपर चांगला होता. तिला कुणाच्या मेहेरबानीची गरजच नाही, मग कुणी का तपासेना! बाईंनी गठ्ठा बांधला.

मुख्य परीक्षकांनी फॉर्म सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा वाचला. "क्रमांक अमुक... नातं, पुतणी. बरं. कात्रीसर, तुमचा गठ्ठा संपलाय ना? हा घ्या."

"पुतणीचा होय? द्या की!" कात्रीसर खुर्ची सरकवून उठले. "डोळ्यांत तेल घालून बघतो."

"साहेब, दुसऱ्या कुणालाही द्या," बाई म्हणाल्या.

"नातेवाइकानं परीक्षक निवडायचा नसतो, बाई."

कात्रीसरांनी गठ्ठ्यातून नेमका तोच पेपर आधी ओढला. बाईंचे सात खोडले आणि मोठ्यानं बोलत तपासायला लागले. "एकक लिहिलेलं नाही. अर्धा गेला. इथंही नाही. अर्धा. इथंही!"

एकक फक्त शेवटच्या उत्तराला बघायचं, मधल्या पायऱ्यांना नाही, असं सूचनापत्रात स्पष्ट होतं. बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मधल्या पायऱ्यांचे गुण कापता येत नाहीत. पान दुसरं, वाचा!"

"पुतणीची वकिली का?" कात्रीसर म्हणाले. खोलीत हशा पिकला. त्यात बाईंच्या शाळेतलेही दोघं होते.

"खाली बसा," मुख्य परीक्षक म्हणाले. "या पेपराबद्दल तुम्हांला तोंड उघडता येणार नाही. फॉर्मवर सही तुमचीच आहे."

बाई बसल्या. "पहिल्या प्रश्नाला चार!" कात्रीसरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुढच्या गठ्ठ्यातला पहिला पेपर त्यांनी तीनदा वाचला, तरी डोक्यात शिरेना.

निकाल लागला. सत्तावन्न.

पुन्हा तपासायचा अर्ज केला, तर दोन ओळींचं उत्तर आलं : बेरीज बरोबर आहे. निकालानंतरची फेरतपासणी म्हणजे नुसती बेरीज, हे बाईंना ठाऊक होतं. ते पत्र हातात घेऊन त्यांनी स्वयंपाकघरात सगळं सांगून टाकलं.

थोरलीनं हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. "म्हणजे पेपर तुझ्या हातात आला होता? आणि तू तो देऊन टाकलास?"

"नियम होता, जाऊबाई."

"नियम घाल चुलीत! परक्यांच्या पोरांना गुण वाटताना हात सढळ, आणि घरच्या पोरीच्या वेळी मोठी हरिश्चंद्राची नात झालीस! नुसता पेपर नाही दिलास, वर नातं लिहून दिलंस. कसायाला गाय दाखवलीस!"

चिंगी दाराशी उभी होती. ती रडत नव्हती. "काकू, पहिल्या प्रश्नाला तुम्ही किती दिले होते?"

"सात."

"आणि त्यांनी?"

"चार."

सत्तावन्न आणि तीन. ती बेरीज करायला कुणाला पेन्सिल लागली नाही.

"निदान आत्ता तरी खोटं बोलायचं होतंत," चिंगी म्हणाली आणि आत गेली.

महिन्याभरात घरात दोन चुली झाल्या.

पुढे मुख्य परीक्षक सन्मानानं निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर कात्रीसर बसले आणि बारा वर्षं बसले. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. बाईंनी परीक्षकांच्या यादीतून नाव काढून घेतलं आणि पुन्हा लाल पेन्सिल हातात धरली नाही. थोरली अखेरच्या आजारात होती तेव्हा बाई पाणी घेऊन गेल्या, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. चिंगी औषधशास्त्र शिकली आणि सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे एकतीस वर्षं उभी राहिली.

बाईंना रक्तदाबाच्या गोळ्या त्याच खिडकीतून घ्याव्या लागत. त्या इतरांसारख्या रांगेत उभ्या राहत. चिंगी वर बघत नसे. चिठ्ठी घेई, गोळ्या मोजी, पाकिटावर वेळा लिही आणि म्हणे, "पुढचे."

पाकिटावरच्या आकड्याखाली दोन रेघा असत. वरची लांब, खालची आखूड, शेवटी ठिपका.

गोळ्या संपल्या तरी बाई पाकिटं टाकत नसत. पण तशा रेघा सगळ्यांच्याच पाकिटांवर असतात का, हे त्यांनी शेजारच्याच्या हातात डोकावून कधी पाहिलं नाही.