शेजारच्या भोकाची साक्ष

मी एक जुना झिरकॉन आहे, खनिजाचा इवलासा कण. जुना म्हणजे किती? मित्रांनो, डोंगरसुद्धा मला आजोबा म्हणतात! अंगानं मात्र केसाच्या जाडीएवढा. वितळलेला दगड निवता निवता माझा जन्म झाला आणि ग्रॅनाइटमधल्या काळ्या अभ्रकात मला घर मिळालं. शेजारी युरेनिनाइट या दुसऱ्या खनिजाचा कण राहायचा. दोघांच्याही पोटात युरेनियम. त्याच्या किरणांनी भोवतालचं अभ्रक करपलं आणि दोघांभोवती एकेक काळं वलय उमटलं.

मग भेगेतून पाणी आलं. शेजारी मनानं मोकळा. पाण्यात विरघळला आणि आपलं सगळं युरेनियम घेऊन निघून गेला. मी पक्का कंजूष, मूठ उघडलीच नाही. कोट्यवधी वर्षं त्याच्या रिकाम्या भोकाकडे बघत बसलो. बोलणार कुणाशी?

एके दिवशी आमचा दगड प्रयोगशाळेत आला. खालच्या दरीत युरेनियमचा साठा सापडला होता, आणि ते आलं कुठून हे तिथल्या संशोधक बाईंना शोधायचं होतं. दगड कापणाऱ्या काकांनी आमचा काप काचेवर चिकटवला आणि चाकावर घासून घासून कागदाहून पातळ केला. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कपाळावर हात मारला.

"काका, घासताना परत कण उपटलात, भोक पडलंय! आठवड्यातली तिसरी काच. उद्यापासून तुम्ही खोकी भरा, चाक दुसरं कुणीतरी बघेल."

त्यांनी आमची काच कचऱ्याच्या डब्यावर धरली. माझ्या शेजाऱ्याची शेवटची खूणही जाणार होती, आणि मला साधं ओरडताही येत नव्हतं!

काका हात पुसत म्हणाले, "बाई, पहिल्या दोन माझ्या चुका, कबूल. ही नाही. माझ्या हातून पडलेलं भोक कोरं असतं. याच्या कडेला जुन्या पाण्याचा गंज आहे, भिंगातून बघितलाय. तो काय मी सकाळी चहाबरोबर लावला?"

बाईंना हसू फुटलं. त्यांनी पुन्हा डोळा लावला.

"अगं बाई! भोकाभोवती वलय आहे. इथे कुणीतरी युगानुयुगं राहून गेलंय. काका, दरीतलं युरेनियम इथूनच गेलं असणार!"

"मग खोकी?"

"खोकी मी भरते. तुम्ही चाकावर बसा."

आता आमची काच कपाटात जपून ठेवलेली आहे. कपाट सहसा बंदच असतं. शेजारी काही परत येणार नाही, हे मला कळतं. पण मित्रांनो, काही फेकण्याआधी त्यातल्या रिकाम्या जागेकडेही नीट बघत जा. कुणाजवळ तेवढीच सोबत उरलेली असते.