एक्केचाळीस शून्यं

मास्तर पँटची खालची शिवण उसवत होते, तेवढ्यात फोन वाजला. ओठांत धरलेला दोरा तसाच ठेवून त्यांनी फोन उचलला.

“बाई आहेत का? मी सूर्याच्या नोंदी गोळा करतो तो.”

मास्तरांनी दोरा काढून मशीनवर ठेवला. या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बावीस वर्षं त्याचा विषय घरात रोज निघत होता. त्यांची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. रोज सकाळी ती गच्चीवर दुर्बीण लावायची, सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची, त्यावरचे काळे डाग मोजायची आणि आकडा याला कळवायची. असे हौशी लोक देशोदेशी होते आणि त्यांच्या आकड्यांवर शास्त्रज्ञांचं काम चालायचं. मास्तर तिला बिनपगारी फुल अधिकारी म्हणायचे.

“ती गेली,” मास्तर म्हणाले. “बेचाळीस दिवस झाले.”

पलीकडचा माणूस “अरेरे, अरेरे” करत राहिला. मास्तरांनी तेवढ्यात चार टाके उसवले. ऐकणारा हादरतो आणि आपल्याला काहीच होत नाही, याची त्यांना सवय झाली होती. मुलगी रडली, शेजारी रडले, शाळेतला शिपाईसुद्धा रडला. मास्तर सगळ्यांना पाणी देत फिरले.

“मग नोंदी कोण पाठवतंय?”

“मी. खाडा पाडू नका म्हणाली होती, दवाखान्यात.”

“रोज शून्य?”

“हो.”

“तुम्ही मास्तर ना? बाई सांगायच्या तुमच्याबद्दल. मास्तर, बाकीच्यांनी काल साठच्या वर डाग मोजलेत. पुठ्ठा मागेपुढे झाला असेल का?”

“दुर्बिणीवरचं कापडच काढलं नाही मी.”

खरं तेच होतं. ते रोज वर जायचे, तिच्या खुर्चीत बसायचे, झाकलेल्या दुर्बिणीकडे बघायचे आणि खाली येऊन वहीत शून्य लिहून पाठवायचे. खोटं बोलतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. स्वतःच्या आत पाहिलं तर तोच आकडा होता.

“शून्य म्हणजे सूर्य पाहिला आणि त्यावर डाग नव्हता,” तो माणूस हळू आवाजात म्हणाला. “पाहिलाच नाही, तर आडवी रेघ मारायची. ढग आले, पाहुणे आले, कंटाळा आला, तरी रेघ. रेघेबद्दल कुणी विचारत नाही. पण खोटं शून्य राहिलं, तर बाईंच्या सगळ्याच आकड्यांवर शंका येते. इतरांचे आकडे आम्ही त्यांच्याशी ताडून बघतो, मास्तर. आज दुपारी तक्ता जायचाय. त्याआधी तेवढं दुरुस्त करून पाठवा.”

मास्तरांनी पँट बाजूला ठेवली. कुणाचा एक इंच कमी कापला तर रात्रभर झोप न येणारा हा शिंपी. आणि बायकोचं बावीस वर्षांचं काम त्यानं एक्केचाळीस दिवसांत नासवायला घेतलं होतं.

रेघ कशी मारायची ते बघायला त्यांनी मुलीकडून जुन्या वह्या काढून घेतल्या. तारीख, आकडा, शेरा. आकड्यांच्या मधूनमधून बारीक रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे कारण होतं. ढग. ढग. ताप. परीक्षेची तयारी. एका पानावर मात्र त्यांचं बोट थांबलं. तिथे ओळीनं एकोणीस रेघा होत्या आणि शेऱ्याचा रकाना कोरा होता.

तारखा त्यांना पाठ होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते एकोणीस दिवस दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवाल्याची बायको सात वाजता हजर असायची. यांची दहाला उगवायची. आल्या-गेल्याला मास्तर ऐकवायचे, ‘मी मरणाच्या दारात आणि आमची ही सूर्यावर.’ ती हसायची. ‘सूर्य थोडाच थांबतो तुमच्यासाठी,’ म्हणायची. मास्तरही हसायचे, पण ते त्यांना लागलं होतं आणि अकरा वर्षांत निवलं नव्हतं.

“ही तर गच्चीवर जातच नव्हती,” ते म्हणाले.

मुलीनं वहीत डोकावून तारखा पाहिल्या.

“हो. तेव्हा आई पहाटेपासून तुमच्या मशीनवर बसायची.”

“कशाला?”

“गिऱ्हाइकांची कामं अडली होती ना. कपडे वेळेवर मिळाले नाहीत, तर माणसं दुसरीकडे जातील म्हणायची. बाबांना सांगू नकोस, माझे टाके बघून त्यांना पुन्हा पोटात दुखेल, म्हणाली होती.”

“पण मला तर म्हणाली, नाक्यावरच्या टेलरकडून करून घेतले.”

“तसंच सांगायचं ठरलं होतं आमचं.”

मास्तरांना ते कपडे आठवले. ते दवाखान्यातून घरी आल्यावर त्यातले तीन शर्ट दुरुस्तीला परत आले होते. कॉलर एका बाजूला चढलेली, काजं वाकडी. ‘हा टेलर आहे का गवंडी?’ असं ते तिच्यासमोरच म्हणाले होते. नाक्यावरच्या त्या बिचाऱ्याशी आजतागायत धड बोलले नव्हते. ती तेव्हा भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नव्हती.

त्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेतली. शून्यं एकेक करून खोडली आणि प्रत्येक तारखेपुढे आडवी रेघ मारली. एक्केचाळीस. हात सराईत होता, एकही रेघ तिरकी गेली नाही. शेवटच्या रेघेवर मात्र पेन्सिलीचं टोक मोडलं. मुलीनं यादी फोनवर उतरवून घेतली.

“शेऱ्यात काय घालू, बाबा?”

“तिनं काही घातलं नव्हतं. राहू दे.”

“आणि आजचं? आज पण रेघच ना?”

मास्तरांनी दाराबाहेर पाहिलं. पायरीवर ऊन आलं होतं. त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली आणि चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसला. एकदा पुसून भागलं नाही, म्हणून पुन्हा पुसला.

“तो पांढरा पुठ्ठा,” त्यांनी विचारलं, “कुठे ठेवायची ती?”