तोंड उघडा, महाराज

खण्ण! पितळी ताटलीत तांबडा खडा पडला आणि अंगणभर "जय हो!" झालं.

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात त्या दिवशी एकही माग चालू नव्हता. सगळा पुरा गोपाळरावांच्या अंगणात लोटला होता; जागा मिळाली नाही ते कुंपणाच्या भिंतीवर चढले होते. मधोमध बाजेवर गोपाळराव उताणे पडलेले. त्यांच्या उघड्या पोटाला भय्याजी महाराजांनी तांब्याची नळी लावली होती. महाराज उपरण्यानं तोंड पुसत, नळी ओठांत धरत, डावा पंजा बेंबीखाली दाबत आणि असं काही जोरानं ओढत की मानेच्या शिरा तट्ट फुगत. मग थू! पुन्हा खण्ण.

"मुतखडा हाय, मुतखडा!" महाराज गरजले. "डॉक्टर पोट फाडते, पैसा खाते आन् खडा तिथंच ठेवते! आपल्या इथं ना टाका, ना टोचा. वढणारा देव हाय, मी फक्त नळी धरतो!"

गोपाळरावांची सून कीर्ती दाराच्या चौकटीत डोक्यावर पदर घेऊन उभी होती. ती तुमसरच्या एका दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून आली तो दारात ही जत्रा. वॉर्डात ती अनोळखी म्हाताऱ्यांना बिनदिक्कत विचारायची, "काका, लघवी झाली का? किती झाली?" घरात मात्र तिची जीभ टाळूला चिकटायची. महिनाभर मामाजी रात्री पुन्हा पुन्हा मोरीकडे जात होते. तिला ऐकू यायचं, पण सुनेनं सासऱ्याला हे विचारायचं कसं? तिनं नवऱ्याला पुढं केलं. अंकुश विचारून आला आणि म्हणाला, "बाबूजी म्हणते, होऊन राहिलं बरोबर." बाबूजी मुलालाही खोटं सांगत होते. एकाची लाज, दुसरीचा संकोच, आणि मधल्या मध्ये महाराजांचं फावलं.

"पाहा वं माय!" सासूबाई जानकीबाई ओरडल्या. "धोतर वलं झालं! वाट मोकळी झाली!"

खरंच धोतरावर ओल पसरली होती. गोपाळरावांचा चेहराही जरा सैल झाला. महाराजांनी नारळ फोडून मंतरलेलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. "आता उद्यापावतर हेच पाजा. खडे विरघळून जातील."

लोक हात जोडत होते आणि कीर्ती त्या ओल्या धोतराकडे पाहत होती. मूत्राशय तुडुंब भरलं आणि वाट बंद असली की लघवी थेंबथेंब सांडते, भरल्या रांजणासारखी. ती मोकळी झाल्याची खूण नाही, अडल्याची आहे. त्यात महाराजांचा पंजा दाबतोय, मग सांडणारच! मामाजी ग्लानीत होते, हातापायांत जीव नाही म्हणत होते. लघवी अडली की मूत्रपिंडं थकतात आणि रक्तातलं पोटॅशियम आतच साठतं. नारळपाण्यात तर ते भरपूर असतं. एरवी ते अमृत, पण या माणसाला विष. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके चुकतात आणि एखाद्या वेळी थांबतातच.

तिनं पदर खोचला आणि अंगणात उतरली.

"मामाजी, माफ करा." तिनं त्यांच्या बेंबीखाली हात ठेवला. पोट दगडासारखं घट्ट लागलं.

"कीर्ती!" जानकीबाई किंचाळल्या. "चार लोकांत सासऱ्याले हात लावतं? लाज हाय का नाही?"

"लाजेपायीच इथपर्यंत आलो, आई. मामाजी, खरं सांगा. धार लागून लघवी कवा झाली?"

गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले. "परवा सकाळी," ते पुटपुटले.

महाराजांनी ओळखलं, बाजी हातची जाते. "हात लावून बाटवलं! खडे वर चढून राहिले, सरका!" म्हणत त्यांनी घाईनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि नळी उचलली.

"थांबा," कीर्ती म्हणाली. वॉर्डात काही रोगी गोळी गालात लपवतात आणि गिळली म्हणून सांगतात. त्यांच्यासाठी तिचा एक खास आवाज होता. "तोंड उघडा, महाराज. जीभ वर करा."

इतका वेळ पोपटासारखे बोलणारे महाराज एकदम मुके झाले. "उं... उं..."

"उघडा ना महाराज," अंकुश पुढं आला. "देवाले कायचं भेव?"

महाराजांनी घाबरून आवंढा गिळला. त्यासरशी ठसका लागला, डोळे पांढरे झाले आणि तोंडातून एक खडा बाहेर उडाला. दुसरा पोटात गेला.

"घ्या, आता खरा खडा पोटात गेला," कीर्ती म्हणाली. अंकुशनं उपरणं ओढलं. टोकाची गाठ सुटली आणि ताटलीतल्यासारखाच तांबडा मुरूम सांडला. पुऱ्यातली माणसं हसली, मग संतापली. कीर्तीला दोन्हीला वेळ नव्हता. तिनं ऑटोवाल्या हेमराजला बोलावलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लघवीची नळी घातली. पिशवी बघता बघता भरली. मुतखडा नव्हताच, म्हातारपणी वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी वाट अडवून बसली होती. पोटॅशियम इतकं चढलं होतं की आधी हृदय सांभाळायला इंजेक्शन द्यावं लागलं. "जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडं किती सावरतील, ते आत्ता सांगता येत नाही."

बाहेर बाकावर हेमराज बसून होता. भाडं घेऊनही गेला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "माया बापाचंही धोतर असंच वलं होत होतं. याच महाराजानं खडे काढले. नारळपाणी मी पाजलं, आपल्या हातानं. दुसऱ्या दिवशी बाप गेला. आमी म्हटलं, त्याचा टाइम आला होता." त्यानं वर पाहिलं. "आला होता ना, ताई?"

हो म्हणावं असं कीर्तीला फार वाटलं. एका शब्दानं त्याला रात्रीची झोप मिळाली असती. पण तोच शब्द उद्या दुसऱ्या गावात महाराजांची ताटली मांडून देणार होता.

"मी त्यांले पाहिलं नाही, भाऊ," ती म्हणाली. "पण नाही. बहुतेक वाचले असते."

हेमराज भिंतीकडे तोंड करून रडला. कीर्ती शेजारी बसून राहिली.

आता त्याच्या ऑटोत म्हातारा माणूस बसला की हेमराज सरळ विचारतो, "काकाजी, लघवी बरोबर होते ना? नसन होत तर दवाखान्यात सोडतो, भाडं नाही घेत." लोक हसतात. हसू द्या. शरीर देवाचं कोडं नाही. त्याच्या खुणा विचारल्या तर कळतात, लपवल्या तर माणूस जातो. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यालाही विचारा. आजच विचारा.