खिशातले देवमासे

जहाजावर पाय ठेवल्यावर कप्तानची बायको पहिलं वाक्य बोलली ते असं: "अहो, इथे कुणी गेलंय का?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. पण मयताच्या घरीसुद्धा माणसं याहून मोठ्याने बोलतात."

तिचं काही खोटं नव्हतं. गालिचा इतका जाड की चपलेचा आवाज निघत नव्हता. कोपऱ्यात एक बाई पियानो वाजवत होती, पण तोही असा की कुणाला चुकून ऐकू जाईल याची तिला भीती वाटत असावी. भिंतींना मंद वास होता. कुणी खोकलं तर रुमालात. लेकरू नाही, घोषणा नाही, भांड्याचा खडखडाट नाही. पांढऱ्या कोटातली माणसं कुठूनशी उगवायची, हातात काहीतरी द्यायची आणि भिंतीत विरघळायची. श्रीमंतांना शांतता आवडते असं म्हणतात. खरं म्हणजे त्यांना काम करणारी माणसं दिसलेली आवडत नाहीत. आपल्या सुखासाठी कुणीतरी घाम गाळतंय हे डोळ्यांना दिसलं की सुख बाटतं त्यांचं.

कप्तान हा काही कप्तान नव्हता. ते गल्लीने ठेवलेलं नाव. तीस वर्षं तो याच कंपनीच्या जहाजांवर होता; नऊ महिने पाण्यावर, दोन-अडीच महिने घरी. घरी सगळ्यांना माहीत होतं की तो वरच्या मजल्यावर, मोठ्या जेवणघरात, पाहुण्यांच्या तैनातीला असतो. भिंतीवर फोटो होता: पांढरा कोट, गळ्याला काळी फीत, मागे कठडा. कोट दुसऱ्याचा होता. इस्त्रीला आलेला. दहा मिनिटांसाठी अंगात घातला, जहाज बंदराला लागलेलं असताना फोटो काढून घेतला आणि परत खुंटीला लावला.

तो होता लाँड्रीत. पाण्याच्या पातळीखाली दोन मजले. खिडकी नाही.

निवृत्तीच्या वेळी कंपनीने एक पाकीट दिलं. इतक्या वर्षांच्या निष्ठेबद्दल सपत्नीक चार दिवसांची सफर, गॅलरीची खोली. कप्तानने ते कपाटात कपड्यांच्या खाली सारलं आणि विसरून गेला. मग बायकोचं पोट दुखायला लागलं, मग तपासण्या, मग डॉक्टरने बाहेर बोलावून त्याला सांगितलं की फार तर तीन महिने, काय हवं नको ते करून घ्या. त्याच आठवड्यात तिने कपाट आवरायला काढलं. मरायला टेकलेल्या बायका कपाटं का आवरतात कोण जाणे.

"हे काय?" ती म्हणाली. "मला जायचंय. तुमची ती जागा बघायचीय."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. शिवाय त्याने हिशेब केला होता. जुना नोकर पाहुणा म्हणून आला की त्याला पाहुणाच समजायचं, ओळख दाखवायची नाही, असा कंपनीचा नियम. म्हणजे कुणी बोलणारच नाही. चार दिवस निघून जातील. ती जाईल तेव्हा त्याला तसाच समजून जाईल, पांढऱ्या कोटातला. एवढंच त्याला हवं होतं.

खोलीत टेबलावर जाड कागदाचं पत्रक होतं. "जहाजावरचं वातावरण: काय अपेक्षा ठेवाल." बायकोने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. पण एका ओळीनंतर तिला वाचायची गरजच उरली नाही, कारण कप्तान पाठ म्हणत होता. "इथे घाई नाही. इथे आवाज नाही. सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेच्या कठड्यावर आपल्यासाठी पेय तयार असेल. नशीब असेल तर देवमासे दिसतील."

"अगं बाई! तुम्ही फोनवर हेच सांगायचात की."

"रोज पाहुण्यांना सांगावं लागायचं ना," तो म्हणाला. 

पहिला दिवस निभला. तो फक्त एक चूक सारखी करत होता: जेवायला बसला की आधी टेबलावरच्या कापडाची कड उलटून बघायचा. रुमाल उजेडाकडे धरायचा. एकदा बायकोने हातावर चापट मारली. "काय शोधताय? उवा?"

"पिवळा डाग राहिलाय. ब्लीच कमी पडलं."

"जेवणघरातल्या माणसाला ब्लीचचं काय कळतं हो?"

त्याने रुमाल मांडीवर पसरला आणि ताट जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, पश्चिमेच्या कठड्यावर जाऊ. तिथे एक छोटा बार होता आणि बारमागे पिकलेल्या मिशांचा एक माणूस. त्याने दोघांसमोर लिंबाचं सरबत ठेवलं, मान झुकवली, आणि नोकरीत शिकवलेलं वाक्य बोलला.

"साहेब, आमच्या जहाजावर पहिल्यांदाच?"

कप्तानने डोळ्यांनी खूण करायचा प्रयत्न केला, पण बायको आधीच हसून पुढे झाली होती. "पहिल्यांदा कसलं! तीस वर्षं इथेच होते. मोठ्या जेवणघरात. तुम्ही नवीन दिसता."

"मी सव्वीस वर्षं याच मजल्यावर आहे, बाई." माणूस गोंधळला. मग त्याची नजर कप्तानच्या हातांवर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, केस नसलेली कातडी, मध्ये मध्ये जुने डाग. वाफेने भाजलेल्याचे; बायकोला त्याने ते गरम सूप सांडल्याचे म्हणून सांगितले होते. त्याचा आवाज एकदम नोकरीबाहेरचा झाला. "लाँड्रीत होतात का, दादा?"

भल्या माणसाने आपुलकीने विचारलं होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बायकोने पेला उचलला. सरबत संपवलं. सूर्य बुडाला, पाणी तांबडं झालं, आजूबाजूच्या लोकांनी हळूच श्वास घेतले. ती उठली आणि खोलीकडे चालू लागली. तो मागोमाग.

दार लागल्यावर म्हणाली, "देवमासे?"

"नाही."

"एकही?"

"पाहुण्यांच्या कपड्यांच्या खिशात ती पत्रकं निघायची. धुण्याआधी खिसे तपासावे लागतात. तुला फोन लावायचा असला की एक बाजूला ठेवायचो. सूर्यास्त किती वाजता, काय दिसणार, सगळं छापलेलं असायचं. समुद्र मी बंदरात बघायचो. माल चढवायच्या दारातून. तेलकट असतो तिथे."

"का पण?"

"तुला काळजी वाटू नये म्हणून."

ती पलंगावर बसली. खाली वाकून चप्पल काढली, एकेक करून बाजूला लावली. मग अशा आवाजात बोलली की त्या जहाजावर तेवढा मोठा आवाज कुणी काढला नसेल.

"काळजी वाटली असती तर बरं झालं असतं हो! काळजी वाटली की माणूस आपलं वाटतं. तुमच्या आईचं अंथरुणातलं सगळं मी केलं. अकरा वर्षं. थोरली लेक तापाने फणफणलेली, एका हाताने तिच्या कपाळावर पट्ट्या, दुसऱ्या हातात फोन, आणि तुम्ही तिकडून सांगताय, आज पाणी कसं सोनेरी झालं होतं! मी फोन ठेवायचे आणि सासूची चादर बदलायचे. पाण्यात पाहिलं मी तुम्हाला. तीस वर्षं."

तो उभाच होता.

"घरी आलात की नुसते झोपायचात. मला वाटायचं, लाडावलाय मेला, सुखाची सवय लागलीय. मुद्दाम भांडी आपटायचे मी."

"ऐकू यायची."

"मग उठून भांडला का नाहीत?"

"बरं वाटायचं. मशीनच्या धडधडीनंतर घरातली भांडी..." 

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. राग दिसत नव्हता. वाईट ते होतं. दिसत होतं ते असं, की तिच्या मनात तीस वर्षं एक माणूस होता आणि तो आता उठून गेला. आणि हा जो समोर उभा आहे, त्याची ओळख करून घ्यायला तीन महिने, तेही डॉक्टरचं खरं ठरलं तर.

"मला तिथे न्या," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते नोकरांच्या दाराशी गेले. भिंतीच्या रंगाचं दार, मूठ नसलेलं. माहीत नसलं तर दिसायचंही नाही. कप्तानने ढकललं आणि आतून आलेली हवा, साबण, रबर आणि माणसांच्या घामाची, त्याच्या नाकात गेली तेवढीच. लगेच पाहुण्यांची देखभाल बघणारी एक बाई कुठूनशी आली. हसू घट्ट बसवलेलं.

"सर, या बाजूला आपल्यासाठी काही नाही."

"हे इथेच होते कामाला," बायको म्हणाली. "मला त्यांची जागा बघायचीय. पाच मिनिटं."

"मी समजू शकते, मॅडम. पण पाहुण्यांना खाली नेता येत नाही. तिथे बघण्यासारखं खरंच काही नाही."

"बघण्यासारखं नकोच आहे मला! ते दोन दिवस बघतेय."

दोन-तीन माना वळल्या. बाईने आवाज आणखी खाली आणला. "मॅडम, बाकीच्या पाहुण्यांसाठी जरा वातावरण सांभाळूया का?"

कप्तानला त्या बाईच्या नोकरीची काळजी वाटली. त्याने बायकोचा दंड धरला आणि परत फिरवलं. या माणसाचं आयुष्य हेच. कुणीही खालच्या आवाजात बोललं की हा परत फिरतो.

खोलीत येऊन बायको म्हणाली, "ठीक आहे. मग इथेच दाखवा."

"इथे काय दाखवू?"

"कसं होतं ते."

त्याने विचार केला. मग न्हाणीघरातलं स्टूल भिंतीशी ओढलं, तिला हात देऊन त्यावर बसवलं, दार लावून घेतलं, हवा खेचणारा पंखा बंद केला आणि गरम पाण्याचे सगळे नळ सोडले. फवारा, टब, बेसिन. संगमरवर आधी घामेजला, मग आरसा गेला, मग दिवा पिवळा गोळा झाला. वाफ खाली उतरली. गॅलरीबाहेर निळाशार समुद्र पसरला होता, ज्यासाठी लोक जमिनी विकतील असा, आणि हे दोघे दार लावून वाफेत बसले होते.

"हे असं," तो म्हणाला. "आणि आवाज. आणि जमीन हलतेय."

"किती वेळ?"

"बारा तास. पाहुणे बदलायच्या दिवशी चौदा."

तिचा अंबाडा सुटून मानेला चिकटला होता. श्वास जड येत होता. तो नळाकडे गेला.

"राहू द्या."

"पाच मिनिटं झाली. तुला झेपणार नाही."

"तुम्हाला झेपलं का?"

तो नळापासून मागे सरला.

"बोलायचात का कुणाशी तिथे?"

"आवाजात ऐकू जात नाही. ओरडावं लागतं."

"ओरडा मग."

"इथे?"

"काय ओरडायचात ते ओरडा."

त्याने घसा खाकरला. तोंडातून आवाज निघेना. मग निघाला. "चादरी संपल्या! पुढची गाडी आणा!" फरशीवर आपटून तो दुप्पट होऊन परत आला. "गाडी आणा रे! हात चालवा! इस्त्रीचा रोलर रिकामा फिरतोय!" तो ओरडत राहिला. थांबवता येईना त्याला. शेवटी शेवटी शब्दही राहिले नाहीत, नुसता आवाज.

खोलीचं दार वाजलं. बाहेरून सफाईवाल्याचा दबका आवाज: "साहेब, सगळं ठीक आहे ना? शेजारच्या खोलीतून विचारणा आली."

"ठीक नाहीये!" बायको आतून ओरडली. "जा तुम्ही!" आणि त्या जोरात तिचा श्वास अडकला, ती पुढे कलंडली.

त्याने नळ बंद केले, दार उघडलं, तिला उचललं. उचलताना काही वजन लागलं नाही याचीच त्याला भीती वाटली. पलंगावर ठेवून टॉवेलने तोंड, मान, हात पुसले. सफाईवाला आपल्या किल्लीने खोली उघडून दारातच उभा होता, गालिच्यावर पसरणाऱ्या वाफेकडे बघत. कप्तानने त्याला हाताने जा म्हणून सांगितलं. तो गेला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"आता रोज सांगायचं," ती म्हणाली. "एकेक दिवसाचं. खरं."

"सांगण्यासारखं काही नाही गं. सगळे दिवस सारखेच."

"मग सारखेच सांगा."

तो पलंगाच्या कडेला बसला. ओला सदरा पाठीला चिकटला होता.

"पहिल्या दिवशी मी रडलो होतो," तो म्हणाला. "गाडीत चादरी होत्या. त्यांत तोंड घालून. कुणाला दिसू नये म्हणून."

"धुतलेल्या?"

"नाही. मळक्या."

तिने डोळे मिटले. हात मात्र त्याच्या त्या गुळगुळीत मनगटावर आणून ठेवला.

"पुढे," ती म्हणाली.