वैयक्तिक कारणास्तव

सुनील सरांनी कोरा कागद सुप्रियापुढे सरकवला आणि मजकूरही आपणच सांगितला.

"लिही. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. खाली सही."

कारण वैयक्तिक होतं खरं. फक्त कुणाचं, ते विचारायची सोय नव्हती. भाजीच्या पॅकिंग कंपनीत सुप्रियाला पाच महिने झाले होते. प्रोबेशनचा एकच महिना उरला होता, मग नोकरी पक्की.

"माझं चुकलं काय, सर?"

"प्रोबेशनमध्ये कारण द्यावं लागत नाही."

तिच्यामागे सासरे उभे होते, म्हस्कूआबा. ऑफिसात बोलावलंय म्हटल्यावर मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून खोडद गावाहून सोबत आले होते. आता साहेबांच्या पाया पडतील, अशी तिला धास्ती होती.

आबांनी घसा खाकरला.

"साहेब, आमच्यात मेंढा पारखायला नेला अन् न्हाई पटला, तर माघारी देताना खोड सांगावी लागती. न सांगता सोडला, तर पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडं बघत न्हाई. हिची खोड सांगा."

सुप्रियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनील सर माणूस वाईट नव्हते. वाईट माणसाला खोटं तरी धड बोलता आलं असतं.

"खोड नाही हो, बाबा. काम चोख आहे. पण ही आता जड क्रेट उचलायला नको म्हणते. पुढं बाळंतपण, रजा..."

क्रेटपायी सरांना सांगावं लागलं होतं, पण घरी अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी सांगितलं तर घरीच बसवतील, या भीतीने तिने तिसरा महिना लपवला होता. तिची मान वर होईना.

 आबा टेबलाजवळ आले आणि त्यांनी तो कागद साहेबांकडे सरकवला.

"आत्ता बोलला तेच लिवा. काम चोख, पण पोटुशी हाय म्हणून काढली. खाली तुमची सही."

"असं लिहिता येत नाही, बाबा. कायद्यात बसत नाही."

"मग तिला बी लिवता येत न्हाई."

सरांनी पेनाचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. सुप्रियाने आबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघतच नव्हते. कोपऱ्यातली खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवत होते.

ती बसली.

"सर, उद्या ड्युटी सातचीच ना?" तिने विचारलं. "अन् क्रेट उचलायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा."